वाळ्याचे गोल

हुपरी,
ता. ६ जुलै २०२५

चि. आदितीस,
जय जिनेंद्र. आज्जीचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद, वि. वि.

मी सांगालीया आणि तुझी आई लिहालीया. जसं बोलेन तसं लिही, मधी शुद्ध करायला जाऊ नको, असं तिला बजावलंय. तरी ती पेन थांबवून माझ्या तोंडाकडं बघती. पत्रात कुठं शाई फुगलेली दिसली तर समज की तिथं सुनेला सासूचं बोलणं पटलेलं न्हाय. घरात एवढी शिकलेली माणसं आणि अक्षरओळख नसलेली मी एकटी. पण पत्र सांगावं तर माझ्यासारखं कुणाला येत न्हाय.

तू पाठवलेली कोरी वही, पेन्सिली आणि खोडरबर दिलदारनं पोचतं केलं. त्याचं बरं हाय, रोज इथला चांदीचा माल घेऊन कोल्हापूरला गुजरीत सराफांकडं जातो, येताना रिकाम्या हातानं यायचं ते आपलं टपाल घेऊन येतो. खोडरबर परत पाठवलाय. आमच्या धंद्यात खोडायची सोय नसती, त्यामुळं त्याचं काय करायचं ते मला कळंना.

तुझ्या बापानं काय अट घातलीया ते तुला ठावं हाय, तरी परत सांगते, म्हणजे पुढं कुणी फिरवायला नको. उन्हाळ्यात माझ्या उजव्या हातावरनं वारं गेलं. औषधपाणी झालं, हात परत आला. आला, पण कापत आला. पैंजणाला घुंगरू जोडताना माझ्या हातातली ज्योत शेजारी कामाला बसलेल्या तानाबाईच्या पदराकडं गेली. पदराचा काठ एवढासा करपला. तुझ्या बापानं, धनपालनं, माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि मला खिडकीखालच्या पाटावरनं उठवलं. लग्न होऊन ह्या घरात आले तवापासनं त्या पाटावर मी बसलेय. आईला ऊठ म्हणायला त्याची जीभ कशी वळली हे मी त्याला विचारलं न्हाय, कारण त्याचे डोळे आधीच भरलेले होते.

आता ठरलंय असं. तू कोल्हापुरात चित्रकलेची मास्तरीण व्हायचा कोर्स करालीस. तर तू रेघा घालून द्यायच्या, मी मारायच्या, आणि दिवाळीच्या कामाआधी तू सांगायचं की आज्जीचा हात ठरतोय का न्हाय. तू व्हय म्हटलीस तर पाट माझा. न्हाय म्हटलीस तर मी दारात बसून तांदूळ निवडायचे. तवा मास्तरीणबाई, नातीसारखं वाग, मास्तरणीसारखं वागायची घाई करू नको.

उभ्या रेघांचं पान पाठवलंय. पहिली ओळ जरा वाकडी हाय, ती तुझ्या बापानं मधीच हाक मारली म्हणून. दुसरी वाकडी हाय, ती मांजर आलतं म्हणून. तिसरीला काय कारण सापडलं न्हाय.

जे काय सांगायचं ते पत्रानं सांग. मला कमी ऐकू येतं म्हणून तुझी आई फोनचा आवाज मोठा करती, आणि मग सगळ्या गल्लीला कळतं की अंबूबाईला साधी रेघ येत न्हाय.

तुझी माया घट्ट हाय ती पातळ होऊ देऊ नको.
तुझी आज्जी,
अंबूबाई

ता. क. आदिती, मांजर आलं नव्हतं. — आई

•

कोल्हापूर,
ता. ११ जुलै २०२५

ती. आज्जीस,
शि. सा. न. वि. वि.

पान मिळालं. हॉस्टेलच्या गच्चीवर उजेडात बसून नीट बघितलं. पानाचा फोनवर फोटो नको, कागदच हवा असं मी का म्हणत होते ते आता सांगते. मी तुझं पान आधी सरळ बघितलं आणि मग उलटं करून मागच्या बाजूनं बोट फिरवलं. प्रत्येक रेघ मागं उठून आली आहे, दोन ठिकाणी तर कागद फाटलाय. म्हणजे तू पेन्सिल अगदी टोकाजवळ, चिमट्यासारखी धरतेस आणि दाबतेस. आज्जी, कागद चांदी नाही. त्याला कशाला चिकटवायचं नाहीये. पेन्सिल मागं धर, इतकी मागं की सुटून पडेल असं वाटलं पाहिजे.

आधी चांगलं सांगायचं असतं, ते राहूनच गेलं. दोन रेघांमधलं अंतर सगळीकडं सारखं आहे. मी रविवारी मुलांना चित्रकला शिकवते, त्या वर्गातल्या एकाही मुलाला ते जमत नाही. तुझा डोळा पक्का आहे, त्याला काही झालेलं नाही.

आता वाकडेपणाचं. तू रेघ मारताना पेन्सिलीच्या टोकाकडं बघतेस. तिकडं बघू नकोस. रेघ जिथं संपवायची तिथं आधी ठिपका दे आणि त्या ठिपक्याकडं बघत ये. आणि मनगटानं ओढू नकोस, खांद्यापासून सगळा हात हलू दे. विचित्र वाटेल, पण कर.

रेघा जरा सुधारल्या की गोल घे. हात आधी कागदाच्या वर हवेतच फिरव, दोनचारदा फिरला की फिरता फिरता खाली टेकव. पहिले गोल बटाट्यासारखे येतील. आपल्या घरात बटाटा चालत नाही, पण कागदावर चालेल.

खोडरबर परत पाठवलास ते बरं केलंस. मी तेच सांगणार होते, खोडायचं नाही.

मेसची आमटी अजून पाण्यासारखीच आहे. आईला सांग, मी जेवते वेळेवर, दिवस मावळायच्या आत. पप्पांना नमस्कार. मांजराची चौकशी केली म्हणून सांग.

लोभ आहेच, त्यात रेघांनी फरक पडत नाही.
तुझी,
आदिती

•

हुपरी,
ता. ३ ऑगस्ट २०२५

चि. आदितीस,
जय जिनेंद्र. आज्जीचा आशीर्वाद, ह्यावेळी जरा जास्तीचा, का ते पुढं कळंल. वि. वि.

खांद्यानं रेघ मारायला सांगितलंस. रोज दुपारी सोप्यात बसून खांदा हलवत होते, तर शेजारच्या पारीसानं तुझ्या आईला विचारलं की अंबूबाईच्या अंगात येतंय का काय. हवेत गोल फिरवायला लागले तवा तर त्यानं लांबनं हात जोडले. विद्येसाठी माणसाला काय काय सोसावं लागतं ते ह्या वयात कळालं.

पण फळ मिळालं गं बाई. गोलांचं पान पाठवलंय. बघ आणि गप्प बस. बटाटा एक न्हाय. एकाला झाकावा आणि दुसरा काढावा असे एकसारखे गोल हाईत. तुझ्या बापाला दाखवलं, त्यो पान हातात घेऊन म्हणाला की आई, हे तू काढलंस. मी म्हटलं, व्हय, मग काय मांजरानं काढलं. संध्याकाळी पाटावर ठेवलेली मालाची पिशवी त्यानं जराशी सरकवली. मी बघितलं.

तवा आता फार वाढवू नको. रक्षाबंधनाच्या आत निकाल लिहून टाक. दिवाळीचं काम आत्तापासनं यायला लागलंय, तानाबाई एकटी किती ओढणार.

दिलदारबरोबर बेसनाचे लाडू पाठवलेत. त्याचा आणि निकालाचा काय संबंध न्हाय. आणि असला तरी मी तो कुणाला सांगणार न्हाय.

तुझी माया लाडवांइतकी टिकाऊ राहू दे.
तुझी आज्जी,
अंबूबाई

ता. क. या पत्रात माझ्या मनानं काही लिहायला मला बंदी आहे. — आई

•

कोल्हापूर,
ता. ८ ऑगस्ट २०२५

ती. आज्जीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गोल बघितले. सगळे एका मापाचे आहेत. सगळ्यांची रेघ आतल्या बाजूनं कशाला तरी टेकून गेली आहे. आणि प्रत्येक गोलाला एकाच जागी, उजवीकडं खाली, बारीकशी फट आहे. फटीशी रेघेची दोन्ही टोकं किंचित बाहेर वळलीत.

आज्जी, मी हुपरीची आहे. तान्ह्या बाळाच्या पायातला वाळा मला न दाखवता ओळखता येतो.

माझ्या वर्गातली मुलं वाटी ठेवून गोल काढतात, डब्याचं झाकण ठेवून काढतात, एकीनं तर बांगडी ठेवली होती. चांदीचा वाळा ठेवून गोल काढणारी विद्यार्थिनी मला पहिलीच मिळाली. मी खूप हसले. खोलीतल्या मैत्रिणीला दाखवलं, तीही हसली. आणि मग मला हसू येईना, कारण तुझ्या पत्रात पप्पांनी पिशवी सरकवल्याचं लिहिलं आहे.

वाळा कापत नाही हे मला माहीत आहे. मला तुझा हात बघायचा आहे. तानाबाईमावशी तुझ्या शेजारी बसणार, तीही ज्योत घेऊन, तूही ज्योत घेऊन. मी या पानावर व्हय म्हटलं आणि उद्या पुन्हा पदर पेटला तर तिच्याकडं आणि तुझ्याकडं मी कुठल्या तोंडानं बघू?

तुझं वाकड्या रेघांचं पान मी खाटेशेजारी भिंतीला लावलंय. त्यातली तिसरी ओळ, जिला कारण सापडलं नाही, ती मला सगळ्यात आवडते. तिथं तू पेन्सिल सैल सोडली होतीस. हे गोलांचं पान मात्र ट्रंकेत तळाला ठेवलंय.

नवा सराव देते. गोल पुन्हा काढ, मोकळ्या हातानं, बटाटे झाले तरी चालतील, मला बटाटेच हवेत. आणि दुसरं, वहीत बारीक बारीक फुल्या काढ. पेन्सिलीचं टोक फुलीच्या बरोबर मधोमध टेकव आणि एक श्वास सोडून होईपर्यंत तिथंच ठेव. ओढायचं नाही, फिरवायचं नाही, नुसतं थांबायचं. हाच खरा सराव आहे. घाई करू नकोस, पर्युषण होऊ दे, मग पाठव.

लाडू संपले. निकाल लागलेला नाही.

राग आला तरी लोभ ठेव.
तुझी,
आदिती

•

हुपरी,
ता. ८ सप्टेंबर २०२५

चि. आदितीस,
जय जिनेंद्र आणि उत्तम क्षमा. वि. वि.

पर्युषण पार पडलं, आज क्षमावणी. सकाळी देवळातनं आले आणि दिसंल त्याला हात जोडून क्षमा मागितली. तुझ्या बापाला जोडले, तुझ्या आईला जोडले, ती घाबरून पाया पडाय लागली. पारीसाला जोडले. दिलदार दारात उभा होता त्यालाही जोडले, तर त्यो म्हणाला की आज्जी, मला कशापायी. मी म्हटलं, तू उशिरा आलास की मनातल्या मनात तुला काय काय बोललेय, त्याची मिळून एक. त्यो म्हणाला की मग माझीपण घ्या, मी पण मनातच बोलतो.

आता तुझी पाळी. मनानं, वाचेनं, कायेनं आणि वाळ्यानं तुझा जो काय अपराध केला असंल त्याची मला क्षमा कर. पण तूपण माग. लाडू संपले, निकाल लागलेला नाही, हे तुझ्या आईनं मोठ्यानं वाचलं आणि कामावरची समदी पोट धरून हसली. धनपालला वाळ्याचं कळालं. रागावला न्हाय. पिशवी तेवढी परत होती तिथं सरकवली.

का केलं ते विचारू नको. तुला काय सांगायचं. सकाळी आंघोळ, देऊळ, न्याहारी होईस्तोवर बरं असतं. मग सगळी आपापल्या जागेवर बसतात, ज्योती पेटतात, ठोक्याचा आवाज सुरू होतो, आणि मी एकटी उभी राहते. बसायचं कुठं ते कळत न्हाय. एवढ्या घरात, बघ की.

पान पाठवलंय. ह्यात कुठलं भांडं न्हाय, झाकण न्हाय, दागिना न्हाय. नुसता हात हाय. देवळात ताटात तांदळाचं स्वस्तिक घालते तवा हात कसा छान फिरतो, आणि तुझ्या फुलीवर टेकवला की कापायला लागतो. देवाला चालतंय, तुला चालतंय का बघ.

लाडू पाठवलेले न्हाईत. मुद्दाम.

माया असू दे, निकालाच्या आधी आणि नंतर.
तुझी आज्जी,
अंबूबाई

ता. क. खरंच नुसता हात आहे. मी शेजारी बसून बघितलंय. — आई

•

कोल्हापूर,
ता. १४ सप्टेंबर २०२५

ती. आज्जीस,
शि. सा. न. आणि उत्तम क्षमा. वि. वि.

लगेच लिहायला जमलं नाही. कॉलेजात काम होतं असं सांगणार होते, पण तसं नव्हतं. पान समोर ठेवून बसत होते आणि उठत होते.

आधी गोल. आज्जी, हे गोल फार सुंदर आहेत. एक अंड्यासारखा आहे, एक पप्पांच्या डोक्यासारखा, पण सगळे एका दमात फिरलेत आणि जिथून निघाले तिथं परत आलेत. पान उलटं करून बोट फिरवलं, मागं काही लागत नाही. तू दाबायचं सोडलंस. आमच्या वर्गात पहिल्या वर्षाला इतका सैल हात फार थोड्यांचा असतो. हे नात म्हणून सांगत नाही.

आता फुल्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बघितल्या. टोक फुलीपर्यंत नीट येतं, आणि तिथं थांबवलं की भोवती बारीक बारीक रेघांचं जाळं होतं. खालच्या ओळीतही तेवढंच, वरच्या ओळीतही तेवढंच. म्हणजे हा सरावाचा प्रश्न नाही. तुझा हात चालता असला की ठरतो. थांबवला की कापतो. आणि घुंगरू जोडायला, चिमट्यात कडी धरून ज्योतीपुढं, थांबलेलाच हात लागतो.

म्हणून मी नाही म्हणते.

तू म्हणालीस, नातीसारखं वाग, मास्तरणीसारखं नको. मी दोन्हीसारखं वागून पाहिलं. उत्तर एकच आलं.

पप्पांना मी वेगळं कळवणार नाही. पान तुझं आहे, हात तुझा आहे, कधी आणि कसं सांगायचं ते तूच ठरव. माझ्यावर रागव. बोलू नकोस हवं तर. पण वही टाकू नकोस.

लोभ असावा असं लिहायची आज हिंमत होत नाही, तरी लिहिते.
तुझी,
आदिती

•

हुपरी,
ता. २० सप्टेंबर २०२५

चि. आदितीस,
अ. उ. आ. वि. वि.

आज हे पत्र माझं आहे. आत्तींना, तुझ्या आज्जीला, माहीत नाही. दिलदारला सांगितलंय की बोलू नकोस, म्हणजे संध्याकाळपर्यंत त्यांना कळेलच.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. मी वाचायला लागले. गोलांचं वाचून झालं आणि पुढची ओळ मला दिसली. मी जरा मऊ करून वाचलं. अजून थोडा सराव पाहिजे, पुढच्या वर्षी बघू, असं काहीबाही. आत्ती चुलीकडं तोंड करून ऐकत होत्या. वळून म्हणाल्या की हे आदितीचं न्हाय, ती पोरगी एवढं गुळमुळीत बोलत न्हाय, परत वाच आणि लिहिलंय तसं वाच. मग वाचलं. त्यांनी एकदाच विचारलं, खालच्या ओळीतपण तेवढंच म्हणती का. मी हो म्हटलं. त्या देवळात जाऊन बसल्या, दिवस मावळायच्या आत जेवायला आल्या, जेवल्या, झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी कामाला बसली तेव्हा मला बोलावलं आणि तुझं पत्र पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लावलं. तुझे पप्पा नको म्हणाले, तर त्यांना गप्प बस म्हणाल्या. वाचून झाल्यावर पाटावरची पिशवी स्वतः उचलली आणि तानाबाईला तिथं बसायला सांगितलं, खिडकीचा उजेड वाया जातोय म्हणाल्या. तानाबाई ऐकेना, ती तुमची जागा आहे म्हणून रडायला लागली. आत्ती म्हणाल्या की रडून ज्योत विझवू नको, बस. पप्पा चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेले. चहा घरातच होत होता.

त्या दिवसापासून वही कपाटावर आहे. तू चूक केलीस असं मी म्हणत नाही, मीही तेच लिहिलं असतं. पण त्या बोलेनात. काल आमटीत मीठ टाकायलाच विसरले, तरी गुपचूप जेवल्या. एवढ्या वर्षांत असं झालेलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

जपून राहा, आमच्यावरची माया आहे तशी असू दे.
तुझी,
आई

•

हुपरी,
ता. ५ ऑक्टोबर २०२५

चि. आदितीस,
जय जिनेंद्र. आज्जीचा आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या आईनं माझ्यामागं तुला पत्र लिहिलं. दिलदार ते पोचवून माघारी यायच्या आधी मला कळालं होतं, निघतानाच त्याचं तोंड असं झालं होतं की जणू त्यानंच लिहिलंय. आमटी अळणी होती. तवा बोलले न्हाय, आता बोलते, आणि हे तिच्याच हातानं लिहून घेते.

तुझ्यावर राग आला का? आला. लई आला. पोटची पोर असतीस तर बोलले असते, नात पडलीस म्हणून वाचलीस. पण खालच्या ओळीतपण तेवढंच, हे तू पत्रात लिहायच्या आधी मला दिसत होतं. अक्षर न्हाय कळत, फुलीभोवतीचं जाळं कळतं. तू व्हय म्हटली असतीस तर मी पाटावर बसले असते, आणि रोज तानाबाईच्या पदराकडं बघत बसले असते. ते काय काम न्हवं.

मग दारात बसले, अटीप्रमाणं. तांदूळ निवडले. डाळ निवडली. ज्वारी निवडली. एका घरात निवडायला असं किती असतंय? संपलं सगळं. मग कपाटावरची वही काढली आणि आत येऊन भिंतीला टेकून बसले, पाटाच्या समोर. तुझा बाप म्हणाला की आई, इथं नको. मी म्हटलं, अटीतले तांदूळ निवडून संपले, त्याच्या पुढं कुठं बसायचं ते अटीत ठरलं होतं का? पेन्सिलीनं कुणाचा पदर पेटलेला मी तरी ऐकला न्हाय. त्यो आपल्या कामाला लागला.

चालता हात ठरतो म्हणालीस ना, म्हणून थांबायचंच न्हाय असं ठरवलं. तू घातलेल्या रेघा आणि गोल जोडून माणसं काढते. पहिल्यांदा तुझा बाप काढला. त्यो वांग्यासारखा आला. त्यो म्हणतो मी असा न्हाय, तुझी आई, त्रिशला, म्हणती हुबेहूब हाय. हे वाक्य लिहिताना ती हसालीया, शाई फुगली असंल. आता कामावरची समदी ताठ बसतात, केस नीट करून येतात. मालाला काय फरक पडला न्हाय, पण घर जरा नीटनेटकं दिसतंय.

रोज मात्र तानाबाईला काढते, कारण ती समोर असती. खिडकी जमली. पाट जमला. तिचा अंबाडा जमला, नाकावर घसरलेला चष्मा जमला. तानाबाईनं बघितलं आणि म्हणाली की आक्का, माझं नाक एवढं मोठं काढू नका. मी म्हटलं, नाक देवानं काढलंय, मी नुसतं बघून उतरवलंय.

पण एक येईना. तिचा हात. चिमट्यात कडी धरून ज्योतीपुढं धरलेला असतो त्यो. कितीदा काढला. एवढा गप्प हात, श्वासानंसुद्धा हलत न्हाय, आणि माझ्या कागदावर येतो तवा कापत येतो. बघणारा म्हणंल की ह्या बाईचा हात ठरत न्हाय, हिला पाटावर कुणी बसवलं. तिच्यावर उगंच आळ येतोय, माझ्यामुळं.

पान पाठवलंय. उलटं करून बोट फिरव, सगळं बघ, गोड बोलू नको. आणि थांबलेला हात कसा काढायचा, तेवढं मला शिकव.

माया हाय ती राहू दे, आणि वाढली तर मी काय अडवणार न्हाय.
तुझी आज्जी,
अंबूबाई